लांब मराठी शीर्षकांचेच दुवे का तुटले?

उद्योग आणि तंत्रज्ञानावरची माझी वेबसाइट मी वर्डप्रेसवरून ह्यूगोवर नेली (दोन्ही वेबसाइट बनवायची साधनं). पानं झटकन उघडू लागली, पण लोकांनी जपून ठेवलेले जुने दुवे ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', असं दाखवू लागले. तेही फक्त लांब शीर्षकांचे!

कारण सापडायला दोन रात्री गेल्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे 'क'ला ९ जागा, त्याच्या कान्याला आणखी ९. वर्डप्रेस स्लग, म्हणजे पत्त्यातला शीर्षकावरून बनलेला भाग, २०० जागांत बसवतं, त्यामुळे साधारण २२ चिन्हांपुढचं शीर्षक कापलं गेलं होतं. ह्यूगोत मात्र मी पूर्ण शीर्षकावरून पत्ते बनवले. जुळणार कसे?

मग जुन्या डेटाबेसमधून कापलेले स्लग काढले, डीकोड केले (टक्केचिन्हांतून पुन्हा देवनागरीत आणले) आणि प्रत्येक लेखाच्या फ्रंट मॅटरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, 'अलायसेस' (पर्यायी पत्ते) याखाली टाकले. जुना दुवा आता नव्या पानावर जातो. नवे पत्ते आखूड, रोमन लिपीत ठेवलेत. मराठी लेखाला रोमन पत्ता देणं मला अजूनही खुपतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो चार ओळी टक्केचिन्हांनी भरत नाही.