बाबांच्या गाडीचे गळके शॉकअप घरीच दुरुस्त केले

बाबांची जुनी यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल, परभणीला अंगणात उभी असायची, पुढच्या शॉकअपमधून तेल गळायलं होतं, ते खाली चाकाच्या ड्रमकडं उतरायला लागलं म्हणून म्हणलं आता थांबायचं नाही, ब्रेकलायनरला तेल लागलं की ब्रेक गेलाच समजा. मेकॅनिक म्हणला अख्खा शॉकअप बदला. पण मला ओरिजिनलच ठेवायचे होते.

चाक, मडगार्ड काढलं. इथं एक गोष्ट लै महत्त्वाची, शॉकअपच्या खालचा ॲलन बोल्ट (सहाकोनी खाचेचा) स्प्रिंग आत असतानाच ढिला करा, स्प्रिंगच्या दाबानं आतला रॉड धरून राहतो, नाहीतर बोल्टसोबत तोही गोल गोल फिरत बसतो. मग वरचं झाकण, स्प्रिंग, तेल. तेल काय, काळा चिखलच निघाला.

तेल अडवणारं रबरी सील कडक झालं होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. सीलवरचं डस्ट कव्हर (धूळ अडवणारं रबर) फाटलेलं, त्यातून शेतरस्त्याची काळी माती आत जाऊन शॉकअपच्या सरकत्या पाइपावर बारीक गंजाचे टोचे पडले होते, ते तसेच ठेवले तर नवं सील पण महिन्यात फाटणार. २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून हलक्या हातानं फिरवला, नख अडकायचं थांबलं तेव्हाच सोडलं. पाइपाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सील सरकवलं, सीलची बारीक स्प्रिंगवाली बाजू आत, आणि पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यानं ठोकून बसवलं. दोन्हीकडं तेल मापून सारखंच टाकलं.

काल जिंतूरपर्यंत जाऊन आलो, पाइप कोरडा ठणठणीत. बाबांनी स्वतः बोट फिरवून बघितलं.