पान्ह्याआधी डायल: मशीन शॉपच्या मेंटेनन्समध्ये येणाऱ्यांसाठी

आयटीआयला फिटर करून मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत लागलो, तेव्हा मला वाटायचं की मेंटेनन्सवाला म्हणजे मशीन खोलणारा माणूस. ज्याचा हात झटपट चालतो तो भारी. आता बारा वर्षं झाली. नवीन पोरं येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो: पान्हा हातात घेण्याआधी डायल (सुईने बारीक फरक दाखवणारं मापाचं घड्याळ) हातात घ्या. म्हणजे, खोलण्याआधी मोजा.

मला हे एका जुन्या सेंटर लेथवर कळलं. 300 मिलिमीटर लांबीच्या शाफ्टवर टेपर, म्हणजे निमुळतेपणा, येत होता. एका टोकाला माप बरोबर, दुसऱ्या टोकाला जास्त. टेलस्टॉक (शाफ्टचं दुसरं टोक धरणारा भाग) सरकवून बरोबर करायचा, की आठ दिवसांत परत तेच. सगळे म्हणाले, हेडस्टॉकचं (चक फिरवणाऱ्या डोक्याचं) बेअरिंग गेलं. मीही म्हणालो, आणि झाकणाचे बोल्ट सोडायला लागलो. आमचे मिस्त्री तिकडून आले, खाली वाकले, फाउंडेशनकडे बघितलं आणि म्हणाले, "असू दे ते. आधी लेव्हल आण की."

ही लेव्हल गवंड्याची नव्हे. तिचा एक भाग म्हणजे मीटरला 0.02 मिलिमीटरचा फरक. नुसत्या हाताच्या उबेनेसुद्धा बुडबुडा हलतो, म्हणून ठेवल्यावर थोडं थांबायचं. मिस्त्रींनी ती बेडवर आडवी ठेवली, आधी चकच्या बाजूला. बुडबुडा मधोमध. मग टेलस्टॉकच्या बाजूला ठेवली, तर तीन भाग बाजूला. बेडला पीळ बसला होता. त्या कोपऱ्यात कित्येक महिने कूलंट गळत होतं, पायाखालचं ग्राउटिंग (सिमेंटची भर) पोकळ झालं होतं आणि बोल्ट हाताने फिरत होता. ग्राउटिंग नवीन केलं, ते मुरू दिलं, मग लेव्हल लावून पाया बसवला. टेपर गेला. बेअरिंगला काहीही झालं नव्हतं. मी हेडस्टॉक खोलला असता तर चांगल्या बेअरिंगचं प्रीलोड (बसवतानाचा नेमका दाब) बिघडवून परत बसवलं असतं, आणि टेपर तसाच राहिला असता.

म्हणून तक्रार आली की आधी ऑपरेटरजवळ जा. तो आठ तास त्या मशीनसमोर उभा असतो. त्याला विचारा: कधीपासून होतंय, थंड मशीनवर होतं की तापल्यावर, कुठल्या जॉबवर, त्याआधी कुठे धडक बसली होती का. धडकेचं कोणी लगेच सांगत नाही. रागावून विचारलं तर कधीच सांगणार नाही. नंतर मॅन्ड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) लावून स्पिंडलचा, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, रनआउट (फिरताना किती डगमगतो) घ्या, स्लाइडचा, म्हणजे सरकणाऱ्या भागाचा, प्ले (ढिलेपणा) बघा, आकडे वहीत लिहा, तारीख टाका. मग ठरवा, खोलायचं की नाही.

या कामाला फिटर चालतो. मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स हा आयटीआयचा ट्रेड तर यासाठीच आहे, पण तो मोजक्याच ठिकाणी असतो. पुढे अप्रेंटिसशिप कराच. आणि फक्त मेकॅनिकल शिकून आता भागत नाही. मीटर धरता यायला हवा, सेन्सरचे 24 व्होल्ट आणि मोटारीचे 415 व्होल्ट यांतला फरक अंगात मुरायला हवा, इलेक्ट्रिकल ड्रॉइंग वाचता यायला हवं. इलेक्ट्रिशियनच्या शेजारी उभं राहून विचारत राहा, लाजू नका.

आमच्या भागात फाउंड्र्या भरपूर, त्यामुळे शॉपमध्ये बिडाचं कास्टिंग जास्त. त्याची काळी भुकटी स्लाइडवरच्या तेलात मिसळली की पॉलिशची पेस्ट तयार होते आणि गाइडवे (स्लाइड ज्यावरून सरकते ती पट्टी) गुपचूप खात राहते. वायपर (स्लाइडच्या टोकाची कचरा पुसणारी रबरी पट्टी) फाटलेला दिसला तर त्याच दिवशी बदला. तो स्वस्त आहे, स्लाइड पुन्हा स्क्रॅपिंग करायला, म्हणजे हाताने खरवडून सपाट करायला, आठवडे जातात. तेलाचंही तसंच. डब्यावर 68 लिहिलंय म्हणून हायड्रॉलिकचं तेल स्लाइडच्या टाकीत ओतू नका. 68 हा फक्त दाटपणाचा आकडा. स्लाइडच्या तेलात चिकटून राहण्याचा गुण असतो, तो नसेल तर हळू फीडला अॅक्सिस धक्के देत सरकते.

बेअरिंगचे नंबर पाठ करत बसू नका. 6205 मधल्या शेवटच्या 05 ला पाचाने गुणा, आतलं भोक 25 मिलिमीटर. 04 पासून पुढे नेहमीच्या बेअरिंगला हा हिशेब चालतो. शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवरच यायला हवा. बाहेरच्या रिंगवर हातोडी मारलीत तर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. हीटर असेल तर 110 अंशांपर्यंत तापवा, हाताने अलगद सरकतं.

आता जिवाचं. व्हीएमसीच्या (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनच्या) झेड अॅक्सिसची, म्हणजे हेड वर-खाली करणारी, मोटार काढताना हेडखाली आधी लाकडी ठोकळा लावा. ब्रेक मोटारीतच असतो. मोटार सुटली की हेड खाली येतं, आणि ते शेकडो किलोचं असतं. मेन बंद केला तरी सर्व्हो ड्राइव्हमध्ये (अॅक्सिसच्या मोटारींना वीज देणाऱ्या युनिटमध्ये) कपॅसिटर भरलेले राहतात. ड्राइव्हवरचा लाल दिवा विझू द्या, मग मीटरने तपासा, मगच हात. मेनला स्वतःचं कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. प्रॉडक्शनवाले कितीही घाई करोत, किल्ली कोणाकडे द्यायची नाही.

एक काम मात्र याच्या उलट, आणि तिथेच मी चुकलो. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर (सीएनसी मशीन चालवणाऱ्या संगणकावर) अॅबसोल्युट एन्कोडरची, म्हणजे मशीन बंद असतानाही अॅक्सिसची जागा लक्षात ठेवणाऱ्या सेन्सरची, बॅटरी कंट्रोल चालू ठेवून बदलायची असते, इमर्जन्सी दाबून, पॅनलमध्ये काय कुठे जिवंत आहे हे माहीत असलेल्या माणसाने. मी पहिल्या वर्षी, सुरक्षित म्हणून, मेन बंद करून बदलली. चालू केल्यावर सगळ्या अॅक्सिसचं होम, म्हणजे मोजणीची मूळ जागा, गेलेलं. मिस्त्री घरून येईपर्यंत रात्रीची पाळी मशीन उभं होतं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. टरेट (टूल धरणारा भाग) डायल लावून जागेवर आणला, होम सेट केलं, पहिला जॉब काढून मोजला. मग खिशातला मार्कर मला दिला आणि पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहायला लावलं: बॅटरी बदलल्याची तारीख, आणि खाली, "कंट्रोल चालू ठेवून." तिथे दरवर्षी नवी तारीख पडते. खालची ओळ पुसट झाली की आता ती मी पुन्हा गिरवतो.