सभेतला करिष्मा कसा तपासावा

करिष्मा वक्त्याच्या अंगातच असतो असं आपण धरून चालतो. माक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने मात्र तो अनुयायांच्या मान्यतेवर टिकतो असं मांडलं. म्हणून सभेत मागून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसा. पुढच्या खुर्च्यांवर कार्यकर्ते असतात आणि ते नुसत्या नमस्कारालाही टाळ्या वाजवतात.

भाषण मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण मोबाईल कर्ण्याजवळ ठेवू नका. आवाज फाटतो आणि गर्दी ऐकू येत नाही, आपल्याला तर तीच हवी असते. सुरुवातीची नामावळी सोडा. मधली 15 मिनिटं पुरेत.

घरी ते तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त टाळ्या. मॅक्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभ्यासकाला राजकीय भाषणांतली टाळी साधारण 8 सेकंद टिकते असं आढळलं होतं. वाक्य संपता संपताच टाळी सुटली आणि तेवढी टिकली, तर लोक वक्त्याबरोबर होते. वाक्यानंतर क्षणभर शुकशुकाट, मग पुढून दोन-चार हात, असं झालं तर ती टाळी ओढूनताणून आणलेली.

दुसऱ्यांदा सर्वनामं मोजा. मराठीने इथे आपलं काम फार सोपं केलंय. 'आम्ही रस्ता केला' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण रस्ता केला' म्हटलं की तो आत येतो. अहवाल वाचणारा नेता 'आम्ही'त अडकतो. पकड घेणारा 'मी'वरून 'आपण'वर येतो, तेही बहुधा टाळीच्या वाक्याआधी. गोव्यात डिचोली-पेडण्याकडे वक्ता मध्येच कोकणीत शिरला तर मोजणी चुकते, कारण कोकणीतलं 'आमी' दोन्ही अर्थांनी चालतं. तिथे संदर्भ बघा, आणि नेमकं कोणत्या वाक्याला भाषा बदलली तेही टिपा.

तिसऱ्यांदा वाक्याची घडण. नमुन्यासाठी आम्हीच रचलेलं एक घ्या: 'पाणी आपल्या गावचं, पाईपलाईन आपल्या पैशांची, नि टँकरची वाट बघायची ती पण आपणच?' दोन तुकडे एका चालीचे, तिसरा उलटा फिरणारा. 'पैशांची'नंतर अर्धा सेकंद थांबलं की तिसरा तुकडा येतोय हे लोकांना कळतं आणि हात तयार होतात. इथेच न थांबता धावणारे वक्ते चांगलं वाक्य वाया घालवतात. चौथा तुकडा जोडला तर चाल मोडते. एवढं वाक्य कागदावरून वाचणाऱ्याचं तर काही खरं नाही. नजर खाली गेली की विराम हुकतो.

किचकट प्रश्नाचं चित्र होतं का, हेही पाहा. गोव्यात 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पानं अशी चिन्हं होती. फूल की पानं, एवढ्यावर घराघरांत वाद घालता येत होता.

पण या मोजणीत एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे बोलणाऱ्याने पणाला काय लावलं. 18 जून 1946 रोजी मडगावात बंदी झुगारून राममनोहर लोहिया सभेत उभे राहिले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अटक केली. तिथे टाळीचे सेकंद मोजून काही हाती लागणार नाही. म्हणून वहीत एक रकाना वेगळा ठेवा: हे बोलल्यामुळे वक्त्याचं काय जाऊ शकतं? प्रचारसभांत तो बहुतेक वेळा कोराच राहतो.