चित्रकारासोबत आधी चार पाने करावीत
स्वतंत्र कॉमिक काढू इच्छिणाऱ्याने कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत चित्रकार शोधावा, आणि त्याच्याकडे एकदम शंभर पानांचा प्रस्ताव नेण्याऐवजी चौकटीनिहाय लिहिलेली चार पानांची पूर्ण कथा न्यावी. त्या पानांचे मानधन अर्थातच द्यावे. संवादांचे फुगे पेन्सिलच्या कच्च्या रेखाटनातच आखून घ्यावेत, कारण वेलांट्या-उकारांमुळे देवनागरीच्या ओळींना अधिक अंतर लागते आणि मागाहून फुगा वाढवला की पात्राचा चेहरा झाकला जातो. करार लेखीच हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क-हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसल्यास ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास तो भारतापुरता. म्हणून या दोन्ही बाबी, तसेच मूळ चित्रे कोणाकडे राहणार हेही, सहीपूर्वी नमूद करावे.