आकाश निळं, समुद्र निळा: कारण सांगताना या चुका टाळा

“आकाश निळं का?” असं एखाद्या मुलानं विचारलं की मोठी माणसं पुष्कळदा उत्तर देऊन मोकळी होतात: समुद्राचं प्रतिबिंब पडतं म्हणून. थोड्या वेळानं तेच मूल विचारतं, “मग समुद्र निळा का?” उत्तर तयारच असतं: आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून. दोन्ही उत्तरं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत आणि जमिनीला पाय कुणाचेच टेकलेले नाहीत. मी मुलांना विज्ञान शिकवते, त्यामुळे ही जोडगोळी मला वारंवार भेटते. आकाशाचा निळा प्रकाश विखुरल्यामुळे तयार होतो, तर पाण्याचा निळा प्रामुख्यानं प्रकाश शोषला गेल्यामुळे. नाव एकच असलं तरी वाटा दोन आहेत. त्या एकत्र केल्या की पुढचं सगळं चुकत जातं.

समुद्र म्हणजे आकाशाचा आरसा?

ही चूक टिकून राहिली, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे. किनाऱ्यावर उभं राहून दूर क्षितिजाकडे पाहिलं, तर नजर पाण्याला फार तिरकी लागते आणि डोळ्यांत खरोखरच बराचसा परावर्तित प्रकाश येतो. म्हणूनच ढगाळ दिवशी समुद्र करडा दिसतो. पण जहाजाच्या कठड्यावरून सरळ खाली पाहा. अशा वेळी पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित होतो. उरलेला पाण्यात शिरतो, आणि तिथून परत येणारा प्रकाश निळा असतो.

ही चूक थोरामोठ्यांनीही केली आहे. आकाशाच्या निळाईचं गणित ज्यांनी मांडलं, ते लॉर्ड रॅले स्वतः समुद्राच्या बाबतीत प्रतिबिंबाच्याच बाजूचे होते. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन जहाजानं प्रवास करत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांना हे उत्तर पटेना. त्यांनी निकोल प्रिझममधून पाणी पाहिलं. या प्रिझमनं पृष्ठभागावरची चमक कापता येते. आकाशाचं प्रतिबिंब असं बाजूला काढल्यावर समुद्र फिका पडायला हवा होता. तो उलट अधिकच निळा दिसला. परतीच्या प्रवासात, जहाज मुंबई बंदरात असतानाच, सप्टेंबरमध्ये त्यांनी याबद्दल ‘नेचर’ नियतकालिकाला पत्र लिहिलं.

रामन यांचा भर पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर, म्हणजे प्रकाश विखुरण्यावर होता. शोषणाचा वाटा किती मोठा आहे, हे पुढच्या मोजमापांतून स्पष्ट झालं. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा बंध सतत कंप पावत असतो, आणि या कंपनांमुळे लाल टोकाकडचा प्रकाश गिळला जातो. ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश शुद्ध पाण्यात १ मीटर जाईपर्यंत जवळपास निम्मा संपतो. निळा मात्र कितीतरी मीटर सहज पार करतो. या स्पष्टीकरणाचा सगळ्यात सुंदर पुरावा मला जड पाण्यात दिसतो. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा वजनदार भाऊ ड्युटेरियम असतो. बंधाचं कंपन मंदावतं, शोषण डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालच्या पलीकडच्या अवरक्त भागात सरकतं आणि निळी छटा नाहीशी होते.

रामन यांचा प्रयोग तुम्हीही करू शकता. पोलरॉइड गॉगल घेऊन पाण्याकडे तिरकं पाहा आणि गॉगल डोळ्यांसमोर हळूहळू फिरवा. एका स्थितीत चमक विझते आणि पाण्याचा स्वतःचा रंग वर येतो.

“पण पेल्यातलं पाणी तर बिनरंगी असतं!” हा आक्षेप हमखास येतो. पेल्यात प्रकाश काही सेंटिमीटरच चालतो, तेवढ्यात लाल रंगाची घट डोळ्याला कळत नाही. पांढऱ्या तळाच्या खोल टाकीत मात्र फिकी निळी झाक दिसते.

स्वच्छ म्हणजे निळा, हिरवा म्हणजे घाण

हाही गैरसमज. समुद्र हिरवट दिसण्यामागे अनेकदा वनस्पतिप्लवक असतात. त्यांच्यातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषतं, मग हिरवा उरतो. हे सूक्ष्म जीव सागरी अन्नसाखळीचा पाया आहेत. याउलट सर्वांत गडद निळे भाग बहुतेकदा पोषकद्रव्यांनी गरीब असतात आणि तिथे जीवसृष्टी विरळ असते. रंगावरून हरितद्रव्य मोजायचं काम उपग्रह १९७८ पासून करत आहेत. गाळ, किनाऱ्यावरून वाहून आलेली सेंद्रिय द्रव्यं, उथळ पाण्याखालची पांढरी वाळू हे सगळेही आपापली छटा मिसळतात.

आकाश निळं, कारण हवेत धूळ आणि बाष्प असतं

भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८६० च्या दशकात नळीतल्या सूक्ष्म कणांवर प्रकाश टाकून निळा रंग मिळवला होता. तेव्हापासून निळाईचं श्रेय कणांना देण्याची सवय लागली. रॅले यांनी १८७१ मध्ये नियम मांडला: फार लहान कणांकडून होणारं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. १८९९ मध्ये त्यांनी दाखवलं की धुळीची गरजच नाही, हवेचे रेणू एवढ्या कामाला पुरेसे आहेत. धूळ आणि बाष्प उलट आकाश पांढुरकं करतात. पाऊस पडून हवा धुतली गेली की आकाश किती गडद निळं दिसतं ते आठवा.

इथे ‘अपस्करण’ हा शब्द वापरू नका. प्रिझममध्ये रंग सुटे होतात ते अपस्करण. आकाशात होतं ते विकिरण. परीक्षेत गुण जातात ते याच ठिकाणी.

मग हुशार मूल विचारतं: जांभळा तर आणखी जास्त विखुरतो, मग आकाश जांभळं का नाही? हा प्रश्न टाळू नका, फार चांगला आहे तो. सूर्यप्रकाशात जांभळा निळ्यापेक्षा कमी असतो, आपला डोळा जांभळ्याला कमी संवेदनशील आहे, आणि आकाशातून येतं ते सगळ्या रंगांचं मिश्रण, फक्त निळ्याकडे झुकलेलं. त्या मिश्रणाला आपला मेंदू फिका निळा म्हणतो.

दुधाचा प्रयोग फसतो तो इथे

पाण्यात दूध घालून आकाश दाखवण्याचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो आणि बहुतेकांचा तो फसतो. मुख्य चूक दुधाच्या प्रमाणात होते. दूध जास्त पडलं की प्रत्येक किरण पुन्हा पुन्हा विखुरतो, सगळे रंग मिसळून बाहेर येतात आणि पेला नुसता पांढरा दिसतो.

काचेचं लांबट भांडं घ्या, खोलीत अंधार करा, भांड्यामागे काळा कागद लावा आणि टॉर्च एका टोकाकडून आडवा धरा. दूध साय काढलेलं हवं, कारण स्निग्धांशाचे गोळे मोठे असतात आणि मोठे कण सगळेच रंग सारखे विखुरतात. पहिला थेंब पडतो तेव्हा दुधाचा एक धागा खाली उतरतो, धुरासारखा फुटतो आणि टॉर्चच्या झोतात आला की क्षणभर चमकतो. ढवळा. आता झोताची वाट पाण्यात उमटलेली दिसेल. दुसरा थेंब, पुन्हा ढवळा. झोतावर राखाडी-निळी झाक येईपर्यंत एकेक थेंबच वाढवायचा. घाई केली की पाणी बदलून पहिल्यापासून सुरुवात.

तरीही निळं दिसत नाही? टॉर्च पाहा. जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा मुळातच कमी असतो, म्हणून पांढरा एलईडी घ्या. मग तुम्ही कुठून बघताय ते पाहा. निळा दिसतो बाजूनं. समोरच्या टोकाला पांढरा कागद धरला तर पार गेलेला प्रकाश त्यावर पिवळट-नारिंगी पडतो, तो मावळतीचा रंग. टॉर्चमध्ये थेट डोळे लावू नका, कागदावरच पाहा. झोताला काटकोनात बसून पोलरॉइड गॉगल फिरवलात तर झोत मंद आणि प्रखर होताना दिसेल. विखुरलेल्या प्रकाशाच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात, यालाच ध्रुवण म्हणतात. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशातही हेच ध्रुवण सर्वाधिक असतं.

एकाच नियमानं सगळं सांगायचा मोह

मावळतीला सूर्यकिरणांना हवेचा फार लांब थर ओलांडावा लागतो, निळा वाटेतच विखुरतो आणि तांबडा उरतो. इथपर्यंत ठीक. पण मग सूर्य बुडाल्यावर डोक्यावरचं आकाश गडद निळं कसं राहतं? त्या वेळी तिथे पोचणारा प्रकाशही लांबचा प्रवास करून आलेला असतो. नुसत्या रॅले यांच्या नियमानं गणित केलं तर माथ्यावरचं आकाश पिवळट-करडं व्हायला हवं. १९५३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी दाखवलं की हे काम ओझोनचं आहे. ओझोन नारिंगी भागातला प्रकाश शोषतो, दिवसा हा परिणाम जाणवत नाही, पण संध्याकाळी ओझोनच्या थरातून प्रकाश तिरका आणि खूप अंतर जातो. म्हणजे त्या वेळी आकाशही, पाण्यासारखंच, प्रकाश गिळून निळं होत असतं. सूर्य मावळल्यावर पश्चिमेच्या रंगांकडे पाहून झालं की मान वर करा आणि तो निळा नीट पाहा.