वायरीचा अँपिअर ठरवताना या चुका टाळा

"एमसीबी सारखा पडतोय, मोठा टाकून द्या." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच, गिझरला सांभाळायला नसतो, भिंतीतल्या वायरीला सांभाळायला असतो.

एका स्वयंपाकघरात ओव्हन, इंडक्शन आणि गिझर, तिन्ही अडीचच्या (अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) एकाच वायरीवर. मिळून ६,००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला २६ अँपिअर. २० अँपिअरचा एमसीबी पडायचा, आणि बरोबरच पडायचा. कुणा घाईखोराने ३२ चा बसवला. कटकट थांबली, घरचे खूश. पुढे भिंतीतून जळकट वास यायला लागला, तेव्हा मला बोलावलं. ओढून काढलेली वायर तपकिरी, कडक. वाकवली की इन्शुलेशनचे तुकडे पडायचे. वायरीवरचं पीव्हीसीचं इन्शुलेशन ७० अंशांपर्यंतचं असतं. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, २० चे ३२ झाले की अडीच पट. त्यात एमसीबी स्वतःच्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तासभर पडत नाही. ३२ च्या एमसीबीला ३६ अँपिअर चालतात. शेवटी तिन्हींना वेगळ्या लाइन ओढल्या. दुसरा उपाय नव्हताच.

दुसरी चूक, कोणत्या जाडीची वायर किती अँपिअर सोसते त्या तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा उचलायची. अडीचच्या तांब्याला २७ दिसतात, ते भिंतीवर उघडी क्लिप केलेली केबल आणि ३० अंश हवा धरून. पक्क्या भिंतीतल्या पाईपमध्ये २४. हवा ४० अंश असेल तर त्याला ०.८७ ने गुणा. त्याच पाईपमध्ये तीन सर्किटं कोंबलीत? आणखी ०.७ ने. हातात पंधराही उरत नाहीत! तक्त्याखालच्या टिपा वाचायला दोन मिनिटं लागतात, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो. मी आधी कागदावर वॅट मांडतो, २३० ने भागतो, मग तक्ता उघडतो. तासन्‌तास चालणारा लोड असेल तर एक साइज जाड घेतो. पैसे वाचवायची ही जागा नाही.

जाडी वरून चाचपून ठरवू नका, जाड इन्शुलेशनमध्ये बारीक तांबं सहज लपतं. अडीचच्या लाइनीत मध्येच दीडचा तुकडा जोडला की सगळी लाइन दीडचीच. अॅल्युमिनियमला तांब्याचा आकडा लावू नका. एक्स्टेंशनची रीळ गुंडाळलेली ठेवून हीटर चालवू नका, पूर्ण उलगडा.

एमसीबी चालू करताक्षणी पडला तर शॉर्ट शोधा. दहा-वीस मिनिटांनी पडत असेल तर एकेक उपकरण बंद करून वॅट मोजा. लोड कमी असूनही पडत असेल तर मेन बंद करून एमसीबीचे स्क्रू तपासा. ढिल्या जोडाने तापूनही तो पडतो.