न्येरेरे राष्ट्रीय उद्यान : रुफिजीकाठच्या प्रवासाची तयारी

टांझानियाला जाणारे बहुतेक पर्यटक सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो हे उत्तरेकडचे वन्यप्रदेश पाहून परततात. दक्षिणेकडे रुफिजी नदीकाठी पसरलेले न्येरेरे राष्ट्रीय उद्यान त्यांच्या वाटेत येत नाही, आणि ज्याला गाड्यांच्या रांगांविना जंगल पाहायचे आहे, त्याच्या ते पथ्यावरच पडते.

आरक्षणापूर्वी नावांचा घोळ समजून घ्यावा. हा सारा प्रदेश पूर्वी सेलूस अभयारण्य म्हणून ओळखला जाई आणि १९८२ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. २०१९ मध्ये त्यातील सुमारे तीस हजार चौरस किलोमीटरचा भाग वेगळा काढून त्याला देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचे नाव देण्यात आले. उरलेला भाग अजूनही सेलूसच म्हणवतो व तेथे परवान्याने शिकार चालते. म्हणून आपला मुक्काम नेमका कोणत्या हद्दीत आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ उत्तम, कारण पाणवठे आटत जातात तसे प्राणी नदी आणि तिच्या तळ्यांकडे सरकतात. मार्च ते मे या दीर्घ पावसाळ्यात रस्ते चिखलात जातात आणि पर्यटकांच्या मुक्कामाचे अनेक तळ बंद असतात. दार-एस-सलामहून छोट्या विमानाने तासाभरात पोहोचता येते; मात्र अशा विमानांत सहसा पंधरा किलोच सामान चालते आणि तेही मऊ पिशवीत, त्यामुळे चाकांची कडक बॅग घरीच ठेवावी. रस्त्याने गेल्यास अर्धा दिवस धक्के खाण्याची तयारी हवी. (स्वाहिलीत मोटारीला ‘गारी’ म्हणतात, ही आपलीच गाडी हिंदी महासागर ओलांडून तेथे पोहोचली आहे.)

हिवतापावरील प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते, तेव्हा वाटेत केनिया किंवा इथिओपिया अशा पीतज्वराचा धोका असलेल्या देशात विमान बदलायचे असल्यास नियम वेळीच तपासावा. त्सेत्से ही चावरी माशी गडद निळ्या व काळ्या रंगाकडे ओढली जाते. म्हणून कपडे खाकी किंवा मातकट असावेत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर देशात २०१९ पासून बंदी आहे.

किमान तीन रात्री राहावे आणि त्यांतला निदान एक दिवस नावेवर घालवावा. या उद्यानाचे वैशिष्ट्य जीपमध्ये नाही, पाण्यावर आहे. ताडांनी वेढलेल्या तळ्यांतून नाव सरकते तेव्हा पाणघोड्यांचे कळप, काठावर पहुडलेल्या मगरी आणि पाणी प्यायला उतरलेले हत्ती एकाच दृश्यात सापडतात. हत्तींकडे पाहताना एक आकडा लक्षात ठेवावा : १९७६ च्या सुमारास या भागात एक लाखाहून अधिक हत्ती होते, तर २०१३ च्या गणनेत ते तेरा हजारांच्या आसपास उरले. ही घट मुख्यतः हस्तिदंतासाठीच्या चोरट्या शिकारीमुळे झाली. आफ्रिकी रानकुत्र्यांचे मोठे कळपही येथे आहेत. ताडोब्यात दिसणारा कोळसून हा त्यांचा दूरचा नातेवाईक, जात मात्र वेगळी. सशस्त्र वनरक्षकासोबत पायी फिरण्याची सोय अनेक तळांवर आहे, ती चुकवू नये.

इतिहासासाठी बेहो बेहो परिसराचा अर्धा दिवस राखावा. ज्याचे नाव या अरण्याला मिळाले, तो ब्रिटिश शिकारी फ्रेडरिक सेलूस ४ जानेवारी १९१७ रोजी जर्मन सैनिकाच्या गोळीने येथेच पडला, वय पासष्ट. चिंचेच्या झाडाखालचे त्याचे साधे दगडी थडगे पाहण्यासाठी तळावर आगाऊ सांगून ठेवावे लागते. पण त्याच्या आधीचा इतिहास स्थानिकांचा आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. तेव्हा येथे राज्य करणाऱ्या जर्मनांनी लादलेल्या सक्तीच्या कापूसलागवडीविरुद्ध १९०५ मध्ये याच टापूच्या पूर्वेकडून माजी-माजी उठाव पेटला. माजी म्हणजे पाणी. मंतरलेल्या पाण्याने गोळ्यांचेही पाणी होईल, असा उठावाला चेतवणारे मांत्रिक किंजिकितिले यांच्या अनुयायांचा विश्वास होता. उठाव १९०७ पर्यंत चिरडला गेला आणि त्यानंतरच्या दुष्काळात असंख्य माणसे मेली. वाटाड्याला याविषयी आवर्जून विचारावे.

जुन्या प्रवासवर्णनांत रुफिजीवरच्या स्टिगलर घळीच्या सहलीचा उल्लेख हमखास आढळतो. ती घळ आता जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाखाली गेली असून डिसेंबर २०२२ पासून तेथे पाणी साठवले जात आहे, तेव्हा त्या सहलीचे आश्वासन देणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.